लग्नघरातून चित्रघरात

मुंबईचं लग्न म्हणजे एक दिवसाचं कार्य आणि चार दिवसांचं सामान, हे तुम्हाला मी काय सांगायचं! दादरला माझ्या मावसदिरांच्या मुलाचं लग्न होतं. इंदापूरहून आम्ही पाच जण निघालो. हे, सासूबाई, बारावीतली कन्या, सहावीतले चिरंजीव आणि मी. शिवाय धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी आणि सासूबाईंच्या गोळ्यांची पिशवी.

आणखी एक गोष्ट आमच्याबरोबर एस.टी.त चढली होती, ती म्हणजे ह्यांचा आणि लेकीचा अबोला. तिनं दिवाळीत जाहीर केलं होतं की बारावीनंतर ती अॅनिमेशन शिकणार. ह्यांचं खता-बियाण्यांचं दुकान. लेकीनं शेतकीची पदवी घ्यावी, फार तर इंजिनिअर व्हावं, असा त्यांचा हिशेब. "कार्टूनं काढून कुणाचं पोट भरलंय?" एवढं एकच वाक्य ते बोलले, आणि तेव्हापासून दोघांचे निरोप माझ्यामार्फत जात होते. "आई, बाबांना सांग." "अगं, तिला विचार." मधल्या मधे मी टपालपेटी!

शनिवारी लग्न पार पडलं. रविवारी सासूबाईंना महालक्ष्मीला जायचं होतं. दर्शन झाल्यावर लेक हळूच म्हणाली, "आई, इथून जवळच पेडर रोडला सिनेमाचं संग्रहालय आहे. जाऊ या?" हे ऐकून न ऐकल्यासारखं करून टॅक्सी थांबवायला गेले. म्हणजे होकारच समजायचा.

तर मैत्रिणींनो, फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या आवारात भारतीय सिनेमाचं हे राष्ट्रीय संग्रहालय जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालं. एक भाग गुलशन महाल नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या बंगल्यात आहे, दुसरा शेजारच्या नव्या इमारतीत. सोमवारी बंद असतं, तेव्हा तो वार टाळा. आणि घरात वयस्कर माणूस असेल तर आधी बंगला पाहून घ्या, पाय ताजे असतात तोवर.

बंगल्यात सुरुवातीलाच सिनेमाच्या जन्माआधीची खेळणी आहेत. आतल्या बाजूला ओळीनं चित्रं, बाहेरच्या बाजूला फटी असं एक नळकांडं असतं. ते फिरवून फटीतून पाहिलं की चित्रातला प्राणी पळू लागतो. मला एकदम शाळा आठवली. वहीच्या कोपऱ्यात मी पानापानावर एकच मुलगी काढायची, प्रत्येक पानावर तिचा दोर थोडा पुढे. पानं भरभर सोडली की ती दोरीवरच्या उड्या मारायची. गुरुजींनी वही फाडली तेव्हा तो नाद सुटला. हे मी लेकीला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, हे तू मला कधी बोलली नाहीस!"

मग तिची कळी खुलली. माझं माहेर बारामतीचं. १९९३ साली आमच्या आळीत रंगीत टीव्ही एकाच घरी होता. रविवारी सकाळी शिकेकाईनं न्हाऊन, ओल्या केसांनी आम्ही सगळ्या मुली तिथे 'जंगल बुक' पाहायला जमायचो. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज. वाघ मराठी बोलत नाही एवढंच, बाकी तो आपलाच वाटायचा. लेक म्हणाली, "आई, तुझा तो मोगली जपानी आहे. तिकडे १९८९ साली आला, बावन्न भाग. आपल्याकडे हिंदी आवाज दिले." इतकी वर्षं मी त्याला सिवनीच्या रानातला समजत होते! म्हणजे लेक ज्या जपानी चित्रमालिकांपायी रात्री जागते म्हणून मी ओरडते, त्यांतलीच एक पाहून मी लहानाची मोठी झाले.

जपानी लोकांची हिकमत तिनं सांगितली ती तर आपणा बायकांना सहज पटावी. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. एकेक चित्र दोनदा वापरलं तरी बारा काढावी लागतात. १९६३ साली 'अॅस्ट्रो बॉय' ही मालिका दर आठवड्याला दाखवायची ठरली, तेव्हा इतकी चित्रं काढायला ना वेळ ना पैसा. मग त्यांनी आठांत भागवलं. माणूस बोलतोय तर फक्त ओठ हलवायचे, काढलेलं चित्र जपून ठेवायचं नि पुन्हा वापरायचं. कालच्या पोळ्यांचा आज कुस्करा! त्या काटकसरीतूनच त्यांची वेगळी तऱ्हा तयार झाली.

आपल्याकडचंही ऐका. लहानपणी दूरदर्शनवर पाहिलेला तो चिमण्यांचा, एकीचा चित्रपट आठवतो ना? 'एक अनेक और एकता', १९७४ सालचा. तो विजया मुळे यांनी केला, सुहासिनी मुळे या अभिनेत्रीच्या आई. पन्नाशी ओलांडल्यावर केला बरं का!

पण घोडं पेंड खाल्लं, नव्हे पेंड खायचं थांबलं, ते दादासाहेब फाळक्यांपाशी. मूकपटांच्या भागात लेक धाकट्याला सांगत होती, बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं. १९१२ साली फाळक्यांना सिनेमा काढायचा होता, भांडवल कुणी देईना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं टिपत गेले. दाणा फुटला, कोंब आला, वेल चढला. महिनाभराची वाढ मिनिटाभरात! ती पाहून पैसे देणारा माणूस मिळाला.

हे पुढे आले. "वाटाणा? कुंडीत? उगवण नीट दिसली असेल का?" बियाणं म्हटलं की ह्यांचे कान टवकारतात. दिवाळीनंतर प्रथमच बापलेक सरळ बोलले, तेही उगवणक्षमतेवर!

सासूबाई बाकावर टेकल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि एवढ्या माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं?"

याचं उत्तर मला माहीत होतं. सरस्वतीबाई फाळके. साठ-सत्तर माणसांचं जेवण त्या रांधत. उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत, रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोकं पाडत. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, त्यासाठी त्यांचे दागिने गहाण पडले होते. मी सांगत होते आणि माझं लक्ष नकळत माझ्या मोकळ्या मनगटांकडे गेलं. माझ्या पाटल्या बँकेत आहेत. लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या, असं सगळेच धरून चालतात.

नव्या इमारतीत मुलांचा एक मजला आहे. तिथे वस्तू थोडी थोडी हलवून, एकेक फोटो काढून चित्रपट करायची सोय आहे. चिरंजीव तिथून हलेनात. संध्याकाळी लग्नघरी परतलो तरी त्याचा हट्ट चालूच. तेव्हा लेकीनं आगपेटी आणली. फाळक्यांनीच १९१५ साली आगकाड्यांवर असा चित्रपट केला होता, म्हणाली. पाटावर काळं कापड अंथरलं, डब्यांच्या चळतीवर मोबाईल टेकवला. काड्या सरकवायचं काम सासूबाईंकडे, कारण वाती वळून त्यांची बोटं हलकी. "तांदळाच्या दाण्याएवढीच सरकवा हं आजी." बॅटरी धरायला ह्यांना बसवलं. हात हलला की लेक दटावायची आणि हे निमूट सावरून बसायचे. साठ फोटो व्हायला तास लागला. दोन काड्या पेटीतून बाहेर येऊन फुगडी घालतात, एवढीच गोष्ट. चालली पाच सेकंद! पण सासूबाईंनी ती अकरा वेळा पाहिली, आणि वरमाईला झोपेतून उठवून दाखवली.

सोमवारी परतताना भिगवणपाशी उजनीचं पाणी दिसू लागलं. मुलं पेंगत होती. हे बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते, मग लेकीला हलवून म्हणाले, "सेकंदाला बारा, म्हणजे मिनिटाला सातशे वीस. एक माणूस दिवसाला किती काढतो?" ती डोळे चोळत सांगू लागली. मग फी किती, मुदत किती, पुण्यात सोय होते का, असे एकेक प्रश्न आले. हो म्हणाले नाहीत. पण तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं आकडे मांडत होते, आणि दुकानात मोठी खरेदी करायची असली की ते अस्संच करतात.

पाटल्यांचं मात्र मी अजून घरात काढलेलं नाही. त्यांची बेरीज कुठे अडते ते आधी पाहणार आहे.