आधी बॅग उघड

सावंतवाडी

चि. बाळूस,


आधी उठ, कॅमेऱ्याची बॅग उघड आणि आतलं सगळं बाहेर काढून टेबलावर मांड. बॅटरी काढ, कार्ड काढ, पट्टासुद्धा सोडव. पत्र मग वाच. परवा तू आंबोलीचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, ‘दोन तास धो धो पावसात उभा होतो आत्या, काही झालं नाही, बॉडी सीलबंद आहे. दमलोय, बॅग तशीच ठेवलीय.’ तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर बोलले असते तर ‘हो हो’ म्हणून तू मोकळा झाला असतास, म्हणून लिहूनच पाठवतेय.

बेडकाचा फोटो मात्र मन भरून पाहिला. उडता बेडूक पुष्कळांनी टिपलाय. पण पानाला लागलेलं ते फेसाचं घरटं आणि खालचं डबक्याचं काळं पाणी तू एकाच चौकटीत घेतलंस. पिल्लं कुठे पडणार ते न सांगता कळतं. ही नजर आपल्या अण्णांची. बेडकाला उचलून पानावर बसवलं नव्हतंस ना? तिथे काहीजण बसवतात, म्हणून विचारते. तू तसलं करणार नाहीस हे ठाऊक आहे मला. आणि आंबोलीपर्यंत येऊन घाट उतरून घरी आला नाहीस, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. घावणे केले असते, एवढंच.

आता त्या ‘सीलबंद’चं. दुकानदाराने सांगितलं ते खोटं नाही, अर्धं आहे. बॉडीच्या सांध्यांना, बॅटरीच्या आणि कार्डाच्या झाकणांना रबराच्या बारीक कडा असतात, त्या शिंतोडे अडवतात. पण लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती तसं रबर नसेल, तर पाणी त्या जोडातून आत जातं. बॉडीबरोबर मिळालेली तुझी 18-55ची लेन्स उलटी करून बघ. रबर दिसलं नाही तर ती पावसात बाहेर काढायची नाही. शिवाय झूम करताना तिची नळी पुढे येते, त्या नळीवर पाणी बसतं, आणि मिटताना ते आणि दमट हवा दोन्ही आत ओढली जातात. फोनवर आयपी 67 लिहितात त्याला ठरलेला अर्थ आहे: धूळ आत जात नाही, आणि एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकतो. बहुतेक कॅमेऱ्यांना असा अंकच दिलेला नसतो. ओएम-1सारख्या थोड्यांना आहे, तोही 53, म्हणजे वरून येणाऱ्या फवाऱ्यापुरता. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. तो कागद एकदा नीट वाच. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो रे! तिथे त्या रबराच्या कडांवर भरवसा टाकून उभा राहिलास?

लावणीच्या वेळी शेतात बायका इरलं घ्यायच्या, आठवतं? डोकं-पाठ झाकलेली, हात मोकळे, खालून वारा खेळता. कॅमेऱ्याला तसंच पांघरूण हवं. महागडं घेऊ नकोस. जाड प्लास्टिकची पारदर्शक पिशवी घे, तिच्या बुडाला लेन्सहूडपेक्षा थोडं लहान भोक पाड, हूडवर ताणून रबरबँड लाव. पिशवीचं तोंड मागे उघडं ठेव, हात तिथूनच आत घालायचे. तेही बांधून टाकलंस तर हाताची ऊब आणि तोंडाची वाफ आतल्या आत कोंडून पिशवीला घाम फुटतो. हूड रात्रीसुद्धा काढू नकोस, समोरच्या काचेवर थेंब कमी बसतात. खिशात जुन्या धोतराचे दोन-तीन मऊ तुकडे ठेव, कोरडे. पाणी टिपायचं, घासायचं नाही. लेन्स बदलायची ती पडवीत, नाहीतर गाडीत.

कावळेसादला मात्र हे काही चालत नाही. दरीतून येणारा वारा धबधबाच उलटा वर फेकतो, पाऊस खालून येतो. तिथे वाऱ्याकडे पाठ करायची आणि कॅमेरा कोटाच्या आत. हट्ट करायचा नाही. पावसाचा फोटो काढायला पावसाच्या मधोमध उभं राहावंच लागतं असं कुठे आहे? ब्रायन ब्रेकने 1960 साली कोलकात्यात काढलेला तो चेहरा अण्णा दाखवायचे ना, मान वर करून पाऊस झेलणाऱ्या मुलीचा? ती अपर्णा सेन, शाळकरी वयातली. गच्चीवर तिच्या अंगावर झारीने पाणी सोडलं होतं. आपल्या ओसरीवरून पागोळ्यांचे फोटो काढायला ये, हवे तितके.

तुझा तिसरा फोटो पाहिला. मधोमध पांढुरकं आहे ना, त्याला तू धुकं म्हणालास. धुकं असतं तर मागची झाडं आधी पुसट झाली असती. तुझ्या फोटोत तर जवळची फांदीही पुसट आहे आणि चारही कोपरे त्या मानाने स्वच्छ. ती लेन्सवर धरलेली वाफ. गाडीत एसी लावून आंबोलीपर्यंत आलास, थंडगार काच दमट हवेत काढलीस, दुसरं काय होणार? मुक्कामाच्या बऱ्याच आधी एसी बंद करून काचा खाली करायच्या, आणि कॅमेरा बाहेरच्या हवेइतका कोमट होईतो बंद पिशवीतच ठेवायचा. वाफ बाहेरच्या काचेवर धरली तर पुसता येते. आत धरली तर थांबण्यावाचून इलाज नाही.

पण बाळू, यातल्या कशानेही माझी झोप उडाली नव्हती. ती उडाली ‘बॅग तशीच ठेवलीय’ने. कॅमेरे पावसात भिजून जातात तसे घरी आल्यावरही जातात. गुपचूप जातात, म्हणून कुणी बोलत नाही. अण्णांची 135ची लेन्स आठवते? चामड्याच्या त्या सुंदर डब्यातली, दादाने कपाटात जपून ठेवलेली. अण्णा गेल्यावर कित्येक पावसाळे तिला कुणी उघडलं नाही. मी उघडली तेव्हा वरून लख्ख होती. मागून टॉर्च धरला आणि आतल्या भिंगावर कडेपासून मध्याकडे सरकत गेलेले पांढरे धागे दिसले, प्रत्येकाला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. बुरशी. कारागिराने उघडून साफ केली. पण बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला होता, त्या जागी व्रण राहिले. उजेडासमोर धरलं की प्रत्येक फोटोवर आता दुधट पडदा येतो. त्या लेन्सवर एक थेंबही पडला नव्हता. ओल आणि अंधार पुरे झाला तिला, आणि चामडं ओल धरून ठेवतं ते वेगळंच.

हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला फावतं. आपल्याकडे जुलैत तो नव्वदीच्या आसपास असतो, तुझ्या पुण्यातही पावसाळ्यात कमी नसतो. हवाबंद डबा घे, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेव, काटा चाळीस ते पन्नासच्या मधे राहू दे. फार कोरडंही नको, रबर आणि वंगण सुकतं. बॅग वेगळी वाळव, कॅमेरा तिच्यात मुक्कामाला ठेवायचाच नाही. कधी आत पाणी गेलंच, तर ‘चालतोय का बघू’ म्हणून चालू करू नकोस, हेअर ड्रायर लावू नकोस, तांदळात पुरू नकोस. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, भुकटी तेवढी आत जाते. आणि पावसाळाभर कॅमेरा वापरत राहा. रोज थोडा उजेड-वारा लागू दे त्याला.

आता शनिवारी कोकणकड्याला जाणार म्हणतोस. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कॅमेरा, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि पायाखाली शेवाळ धरलेला खडक. मला हे डोळ्यांसमोर येतं आणि पुढचं सुचेनासं होतं. फ्रेममध्ये मावत नाही म्हणून मागे सरकायचं नाही. कड्याजवळ छत्री उघडायचीच नाही, वारा माणसाला ओढून नेतो. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना कमरेएवढा होतो. कॅमेरा वाचवण्यासाठी पाण्यात हात घालायचा नाही. तो वाहून गेला तर जाऊ दे, दुसरा मी घेऊन देईन. हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल तर घरी बस. नसेल तर बरोबर कोण आहे त्याचा नंबर मला पाठव, आणि खाली उतरल्याबरोबर फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

तुझी
आत्या

ता. क. सिलिका जेलने ओल धरून रंग बदलला की ती गरम करून पुन्हा वापरता येते. मात्र निळ्यात कोबाल्ट असतं, ती आईच्या कढईत भाजू नकोस. नारिंगी मिळते, ती घे. आणि बॅग उघडलीस का ते आजच कळव.