पुसलेला कवडसा

जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या आणि सभागृहांच्या अंतर्भागाचीं छायाचित्रें घेण्याचा नाद मला पुष्कळ वर्षांचा आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा नाद लागला, तो घरीं बसून त्या चित्रांवरचे डाग पुसण्याचा. पहिल्यांत कष्ट फार, दुसऱ्यांत अहंकार.

गेल्या हिवाळ्यांत मुंबई विद्यापीठाचें पदवीदान-सभागृह टिपण्याची परवानगी मला मिळाली. ही वास्तु १८७४ सालीं पुरी झाली. कावसजी जहांगीर यांनीं तिच्यासाठीं एक लाख रुपये दिले आणि गिल्बर्ट स्कॉट यांनीं लंडनमध्यें बसून तिचे नकाशे काढले. स्वारी मुंबईस कधीं आलीच नाहीं! आंत गेल्यावर १२ राशींच्या रंगीत वर्तुळाकार खिडकीवरून नजर हलत नाहीं. कॅमेऱ्याची मात्र येथें पंचाईत होते. खिडक्या लख्ख, सज्जा काळोखांत. सज्जा दिसावा म्हणून प्रकाश अधिक वेळ घ्यावा, तर खिडकीचें तेज भिंगांतल्या भिंगांत आपटून चित्रावर नसते हिरवे-तांबडे ठिपके उमटवतें. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा ४ या प्रमाणांत प्रकाश मागें परततो. १९३५ सालीं झाइस कारखान्यांतील स्माकुला यांनीं भिंगावर पातळ लेप देण्याची युक्ति काढली, तेव्हांपासून ही पीडा कमी झाली, गेली नाहीं. खरें-खोटें ओळखण्याची खूण सोपी आहे. कॅमेरा जरा कलता केला कीं खोटा ठिपका भिंतीवरली आपली जागा सोडतो. म्हणून मी प्रत्येक दृश्य दोनदां घेतों.

संगणकावर सहा ठिपके पुसले. सातवा, सज्जाखालच्या भिंतीवरचा तांबडा, त्याच ओघांत गेला. खूण पाहिली नाहीं. हात बसला होता ना!

चित्र आत्याबाईंना दाखवलें. १९५७ सालीं त्यांनीं पदवी त्याच सभागृहांत घेतली. चष्मा पुसून त्यांनीं बराच वेळ पाहिलें.

"अरे, इथें खालीं एक तांबडा कवडसा पडायचा, तो कुठें गेला? आमची पाळी येईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत बसलें होतें. छाती अशी धडधडत होती!"

"उन्हाची वेळ नसेल, आत्या," मी म्हणालों.

रात्रीं मूळ चित्रें काढून शेजारीं शेजारीं ठेवलीं. सहा ठिपके दोन्हींत निरनिराळ्या जागीं होते. सातवा दोन्हींत भिंतीवरल्या त्याच चिऱ्यावर होता. बाजूच्या खिडकींतून आलेलें तें खरें ऊन होतें, आणि माझ्या हाताची सफाई अशी कीं, मागें वळसुद्धां राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं नवी प्रत घेऊन गेलों आणि काल खोटें बोललों हेंही सांगितलें. आत्याबाईंनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. प्रत खिडकीपाशीं नेऊन त्यांनीं कवडशावर बोट ठेवलें, मग तें हळूच डावीकडे सरकवलें.

"तेव्हां जरा अलीकडे होता," त्या म्हणाल्या.