कॅनॉलच्या कडेने

सायकलवर चार दिवस निघायचं आणि मागून हॉर्न ऐकायचा नाही, अशी वाट कुठे आहे असं कुणी विचारलं की मी नीरा डाव्या कालव्याचं नाव सांगतो. वीरजवळ तो नीरा नदीपासून सुटतो आणि निंबूत, सोमेश्वरनगर, माळेगाव, बारामती असा इंदापूर तालुक्यात शिरतो. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तो खोदला गेला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. भराव कुठे खचला, पाणी कुणी चोरलं, दार कुठे अडलं हे बघत फिरायला कडेनं वाट ठेवावीच लागते. सरकारी कागदात ती निरीक्षण पथ किंवा सेवारस्ता, गावात नुसता कॅनॉलचा रस्ता.

*

चढ नाही, हे या वाटेचं सगळ्यात मोठं सुख. कालव्याला उतार असतो, पण तो पाण्यालाच कळतो, मांड्यांना नाही. टेकाड आडवं आलं की कालवा वळसा घालतो, ओढा आला की त्याच्यावरून जातो किंवा ओढ्याला पोटाखालून वाट देतो. त्यामुळे डांबरी रस्त्यानं जवळ असलेलं गाव इथून बरंच लांब पडतं. घाई असलेल्यानं इकडे येऊच नये.

या वळणांमुळे मुलूख मात्र नीट वाचता येतो. डाव्या कालव्यानं पाण्याबरोबर निघालात की नदी उजवीकडे, खाली. कालवा आणि नदी यांच्या मधली जमीन पाटाच्या पाण्यानं भिजते, म्हणून उजव्या हाताला ऊस, केळी, घास, हिरवंगार. डाव्या हाताला कालव्यापेक्षा उंच असलेली जमीन: ज्वारी, बाजरी, मेंढरं चरतात तो माळ. आठ-दहा फुटांच्या वाटेच्या दोन बाजूंना दोन वेगळे संसार. आता विहिरी आणि मोटारींच्या पाइपांनी ही रेघ पुष्कळ ठिकाणी पुसली आहे. तरी एखाद्या उन्हाळी सकाळी ती अजून लख्ख दिसते, आणि दुष्काळी भागात पाणी म्हणजे नेमकं काय हे मला कुठल्याही अहवालापेक्षा इथे जास्त समजलं आहे.

*

या वाटेनं निघायचं ते दिवाळीपासून होळीपर्यंत. पावसाळ्यात नाही. मुरूम टाकलेला पट्टा असेल तर निभावतं, पण काळी माती एकदा मडगार्डात भरली की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे इंदापूरकडे जाताना तोंडावर. पहाटे निघावं, ऊन तापायच्या आत निम्मं अंतर उरकावं.

*

इथे सायकलचे वैरी दोन: बाभळीचा काटा आणि सराटे. मेंढपाळांनी शेळ्यांसाठी छाटलेल्या फांद्या वाटेवर पडलेल्या असतात. रुंद टायर, त्यात हवा थोडी कमी, दोन जादा ट्यूब, पंप, ठिगळं, पाना. वस्तीवरची कुत्री धावून आली तर खाली उतरून सायकल मध्ये धरून चालावं, ती लगेच थंड होतात. आणि भरल्या कालव्यात पोहायला उतरू नये. काठ तिरके आणि शेवाळलेले असतात, पाण्याला वरून दिसते त्याहून फार ओढ असते.

*

पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. त्या जुन्या रस्त्यावरची मोठमोठी झाडं गेली, त्या जागी रुंद, वेगवान, उघडा महामार्ग आला. वारकऱ्यांना पायी चालायला जागा मिळाली हे चांगलंच झालं. पण वर्षाचे उरलेले दिवस शाळेत सायकलवर जाणारी पोरं त्या वेगाच्या शेजारून जातात. जिथे जिथे कालवा जवळून जातो तिथे ती पोरं आपणहून त्याच्या वाटेला वळलेली दिसतात. सायकल मार्ग कुठे हवा याचा यापेक्षा चांगला सर्व्हे मला माहीत नाही.

*

आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू आहे की बंद, यावर सगळी वाट बदलते. बंद असेल तर तळाशी डबकी, त्यात बगळे, काठावर खंड्या, शांतता. पाणी सुटलं की माणसं येतात. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी मोटारसायकलवरून दारं बघत फिरतो. कुणी चारीच्या तोंडाशी खोऱ्यावर हात टेकून आपल्या पाळीची वाट बघत असतं, पाळी रात्री दोनची असेल तरी. पायऱ्यांवर बायका धुणं आपटतात. तिथे घंटी वाजवून हळू जावं, त्यांनी आपण होऊन विचारपूस केली तरच थांबावं. “कुठलं पावणं?” हा प्रश्न दर दोन मैलांवर येतो आणि त्याला सविस्तर उत्तर द्यावं. मुक्कामाची सोय, चांगलं पिठलं-भाकरी कुठे मिळेल, पुढे कुठली मोरी खचली आहे, हे सगळं त्याच उत्तरातून पुढे कळत जातं.

*

कालव्याकाठच्या अशाच वाटेचं दुसरं उदाहरण म्हणजे फ्रान्समधला कनाल दु मिदी. पिएर-पॉल रिके यांनी आखलेला, १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला, २४० किलोमीटर. काठानं घोडे चालत आणि दोरानं नावा ओढत. घोडे गेले, ती वाट आता सायकलवाल्यांची झाली. काठावर सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते. २००६ मध्ये त्यांच्यावर बुरशीचा रोग आढळला आणि हजारोंनी झाडं तोडावी लागली. फ्रेंच लोक तिथे नवी झाडं लावत आहेत, कारण मुळं काठ धरून ठेवतात आणि सावली नसेल तर त्या वाटेनं जाणार कोण.

*

ऊसतोडीचे महिने. साखर कारखान्याच्या अलीकडे दोन-तीन किलोमीटरपासून मळीचा वास येतो. कॅनॉलच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात, बीडकडची कुटुंबं पहाटे अंधारात फडात गेलेली असतात. या दिवसांत काही पट्ट्यांवर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या येतात, तेव्हा वाट पूर्ण मोकळी नसते. जोड ट्रॉली दिसली की खाली उतरून बाजूला व्हावं. तो रस्ता आधी त्यांचा आहे. गुऱ्हाळ लागलं तर गरम काकवी मागावी, कुणी नाही म्हणत नाही.

*

अस्तरीकरण. कालव्याला आतून काँक्रीट केलं की गळती थांबते, पाणी शेवटपर्यंत पोचतं, असं जलसंपदा खात्याचं म्हणणं. ते खोटं नाही. पण त्याच गळतीवर शेजारच्या विहिरी भरतात, म्हणून वरच्या भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. तोही खोटा नाही. शेपटाकडच्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलं की पहिली बाजू पटते, माळेगावच्या विहिरीवर ऐकलं की दुसरी. या वादात काठावरच्या झाडांचं मात्र कुणीच बोलत नाही. यंत्रं उतरवायला भराव मोकळा करतात आणि जुन्या बाभळी, लिंब, करंज एका आठवड्यात आडवे होतात. कामाच्या निविदेत झाडांची मोजणी आणि बाहेरच्या अंगाला पुन्हा लागवड, एवढी दोन कलमं घालायला काय हरकत आहे? विहिरींचा प्रश्न अवघड आहे, हा नाही.

*

इंजिनिअर विश्वेश्वरय्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. उसाला वाटेल तितकं पाणी देण्याऐवजी जमिनीचे गट पाडायचे, त्यांत पिकं आळीपाळीनं फिरवायची, म्हणजे तेच पाणी अधिक गावांना पुरतं. वीरकडून इंदापूरकडे सायकल चालवताना त्या कल्पनेचं पुढे काय झालं ते दिसतं. सुरुवातीला उसाच्या भिंती, मग त्यांत खंड पडत जातात, मग डाळिंब, मग शेततळी आणि टँकरच्या गोष्टी. मोटारीनं हे अंतर दोन-तीन तासांत मागे पडतं आणि काही लक्षात येत नाही. सायकलवर प्रत्येक पट्टा अंगावरून जातो. म्हणून पाटबंधाऱ्याच्या नव्या इंजिनिअरांना रुजू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात ही वाट मुखापासून शेपटापर्यंत सायकलनं करायला लावावी, आणि सोबत त्या त्या भागाचा पाटकरी द्यावा.