शिक्षेचें माप

तीव्र नैराश्यानें ग्रासलेल्या माणसाच्या हातून मनुष्यवध घडला, तर त्यास शासन किती करावें? मनोविकारानें विवेक फार क्षीण झाला असल्यास खुनाऐवजीं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा धरावा, असें इंग्लंडांत १९५७ च्या कायद्यानें ठरविलें. २०१८ पासून न्यायाधीश आरोपीच्या ठायीं किती जबाबदारी उरली होती तें आधीं पाहतात. ती अल्प असेल तर सात वर्षें, अधिक असेल तर चोवीस वर्षें, येथून शिक्षेच्या विचारास आरंभ होतो. उपचार जाणूनबुजून टाळणें दोष वाढवितें. परंतु तें टाळणें विकारामुळेंच घडलें काय, हेंही तपासावें लागतें. हा विवेक आम्हांस मोलाचा वाटतो. असे रुग्ण बहुधा कोणास इजा करीत नाहींत. तथापि पुष्कळांस स्वतः डॉक्टरांकडे जाण्याचें बळ नसतें. घरच्या माणसास आळशी न म्हणतां तेथें नेणें हें आम्ही कुटुंबाचेंच कर्तव्य समजतों. न्यायालयाची पाळी फार उशिरां येते.