नऊ अंक

दिवसाचे तीन अंक या दिवाळीत संपतायत. तीन हेक्स अंक म्हणजे ४,०९६ दिवस, सव्वाअकरा वर्षं. मांडणी केली तेव्हा ती कधीच सरणार नाहीत असं वाटलं होतं.

वर्ल्ड वाइड नेममध्ये, म्हणजे डिस्कच्या जगात एकमेव असायच्या नंबरात, पहिला अंक पाच, मग आयईईईने कंपनीला दिलेले २४ बिट, उरलेले ३६ आपले. त्यांचे नऊ अंक मी वाटून टाकले: दोन रॅकला, तीन दिवसाला, चार अनुक्रमाला. व्हर्च्युअल डिस्क कुठे, कधी जन्मली ते मी नंबर बघून तोंडी सांगायचो. सांगताना कोण ऐकतंय, हेही बघायचो.

काहीजण दुसऱ्याच कंपनीचे २४ बिट उचलतात. त्याची मला चीड आहे. तीनने सुरू होणारा प्रकार स्थानिक नंबरांसाठीच ठेवलाय, तो घ्यावा.

पण एक नंबर एकदाच काढणं सोपं. तो एकाच डिस्कवर राहणं अवघड. डिस्क दुसऱ्या होस्टवर हलवली तर नंबर तोच हवा. क्लोन केली तर नवा. आणि स्नॅपशॉटवरून उभी केली तर? मूळ गेली असेल तर ही तीच. मूळ चालू असेल तर ही दुसरी. प्रोग्रामला ते कळणार कसं? एकदा माझ्या कोडने 'तीच' धरली. मल्टिपाथच्या, म्हणजे एकाच डिस्ककडे जाणाऱ्या वाटांच्या, यादीत एका नंबराखाली दोन वाटा, दोन्ही ॲक्टिव्ह, साइज सारखी. सगळं ठणठणीत दिसत होतं. त्या वाटा नव्हत्या, दोन वेगळ्या डिस्क होत्या. डेटाबेसची काही पानं हिच्यावर लिहिली जात होती, काही तिच्यावर. त्यानंतर तो भाग मी चार वेळा लिहिला. अजून मनासारखा उतरलेला नाही.

टीममधली नवी मुलगी म्हणाली, "सर, नंबरात अर्थ नकोच. सहाने सुरू होणारा घेऊ, ६४ बिट जादा मिळतात, सगळे रँडम."

मी म्हटलं, ३६ बिट रँडम काढले तर तीनेक लाख डिस्कांतच दोन नंबर जुळायची शक्यता निम्मी.

"म्हणूनच सहा, सर."

तिचं बरोबर होतं. तरी आठवडाभर मी तिचा रिव्ह्यू अडवला. कारण तांत्रिक नव्हतं.

स्नॅपशॉटच्या प्रश्नावर तिने सरळ ऑपरेटरलाच विचारलंय: मूळ डिस्क बंद आहे का? ते प्रोग्रामनेच ओळखावं म्हणून मी इतकी वर्षं झगडलो.

काल तिची पहिली डिस्क उभी राहिली. ३२ अंक. सवयीने मी त्यांत रॅकचे दोन शोधत राहिलो.