वीस तास

शेजारधर्माला मर्यादा नसते. चाळीस वर्षांच्या माहुलच्या वास्तव्यात मी शेजाऱ्यांचे रेशनकार्डाचे अर्ज भरले, विजेच्या बिलांच्या तक्रारी लिहिल्या, एका लग्नात भटजी उशिरा आले म्हणून मंगलाष्टकेही म्हटली. पण इंग्लंडच्या सरकारचे कायदे एका कोळिणीला समजावून सांगण्याची पाळी माझ्यावर येईल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

२०२४ सालच्या दिवाळीला आठ-दहा दिवस होते. शेजारच्या वहिनी बाजार आटोपून आल्या त्या घरी न जाता थेट माझ्या ओट्यावर. हाताला अजून खवले चिकटलेले. त्याच हाताने त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

“गुरुजी, यो बगा. पोर मना खोटं बोलतंय.”

फोटोत त्यांचा धाकटा होता. दीड महिन्यापूर्वीच तो इंग्लंडात हल नावाच्या शहरी शिकायला गेला होता. अंगात जाड कोट, चेहऱ्यावर हसू, मागे ढगाळलेले आभाळ. मला तरी त्यात काही खोटे दिसेना.

“डावा अंगठा बगा.”

अंगठ्याला पट्टी होती.

“लायब्ररीत काम करतो बोलला. पुस्तकानं अंगठा कापतो काय? यो सुरीचा हाय. मासली कापायची सवय नसली का असाच कापतो, डावाच.”

सरकारी पंचनाम्यात सापडणार नाही इतका चोख पुरावा होता तो. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि गप्प बसलो. कारण खरे काय ते मला ठाऊक होते. चार दिवसांपूर्वी त्यानेच मला फोनवर सांगितले होते आणि “आईला सांगू नका, सर” असे बजावलेही होते. मासे तळून विकणाऱ्या एका दुकानात तो लागला होता. बर्फातून आलेल्या हॅडॉक माशाच्या लांबट तुकड्यांची कातडी सोलायची, राहिलेले काटे काढायचे, बटाटे निवडायचे आणि रात्री कढया घासायच्या.

आता ही लपवाछपवी कशासाठी, ते कळायला थोडे मागे जावे लागेल. माहुल हे कोळ्या-आगऱ्यांचे जुने गाव. १९५४ आणि १९५५ साली शेजारी तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले, मग आणखी टाक्या, आणखी चिमण्या. बाकीच्या मुंबईला आमचे नाव कळले ते २०१७ नंतर, तानसा जलवाहिनीच्या काठची उठवलेली कुटुंबे इथल्या इमारतींत आणून ठेवली आणि त्यांनी इथल्या हवेविरुद्ध गाऱ्हाणे मांडले तेव्हा. खाडीने मात्र आपले गाणे कोणाला सांगितले नाही. वहिनींचे सासरे होडी काढीत तेव्हा बोय, कोळंबी, चिंबोरी दारात येई. आता वहिनी पहाटे धक्क्यावरून माल विकत घेतात आणि चेंबूरला नेऊन विकतात. कोळीण असून मासळी विकत घ्यायची, हे दुःख त्या बोलून दाखवीत नाहीत. भाव सांगताना आवाज जरा चढतो एवढेच.

म्हणून धाकट्याने शिकायचे आणि या वासातून बाहेर पडायचे, असे त्या घराने ठरवले. मालवाहतुकीच्या शास्त्राची एक वर्षाची पदवी, लॉजिस्टिक्स म्हणतात ती, तिच्यासाठी बँकेचे कर्ज काढले. व्हिसासाठी फी तर दाखवायचीच, शिवाय तेव्हा, २०२४ साली, लंडनबाहेर राहण्याच्या खर्चाचे महिना १,०२३ पौंड, असे नऊ महिन्यांचे ९,२०७ पौंड, सलग २८ दिवस खात्यात असावे लागत. तिथे जाऊन कमवीन आणि भरीन, हा हिशेब त्यात धरत नाहीत. वहिनींचे सोने गहाण पडले ते त्या २८ दिवसांसाठी. पैसे खात्यात पडून होते तोवर त्या रोज बँकेसमोरून जात. आत जात नसत, पण इमारत जागेवर आहे एवढे पाहून येत.

“मंग खरं काय ते सांगा,” वहिनी म्हणाल्या.

मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारले, “पगार?”

पगाराचा विषय निघाला म्हणजे माणूस सावरला असे समजावे. मी हिशेब मांडला. तेव्हा तिकडे एकवीस वर्षांवरील माणसाला तासाला कमीत कमी ११.४४ पौंड द्यावेच लागत (१ एप्रिल २०२५ पासून ते १२.२१ झाले). पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. म्हणजे झाले २२८ पौंड आणि ८० पेन्स. पौंड १०९ रुपयांच्या आसपास होता. आठवड्याचे पंचवीस हजार.

पंचवीस हजार ऐकून वहिनींचे डोळे मोठे झाले. मग खोलीचे भाडे, बस, जेवण असे मी वजा करीत गेलो तसतसे ते पूर्ववत झाले. पण त्यांना खरा धक्का बसला तो पैशाचा नव्हे.

“वीसच तास? आठवड्याला?”

“हो.”

“गुरुजी, वीस तास तं मी दीड दिवसात करतंय.”

“तिथे कायदा आहे. एकविसावा तास भरला तर व्हिसा धोक्यात येतो.”

“मंग बाकीचा वेळ स्वतःचा धंदा लावावा. पाटी घेऊन बसावा.”

तेही चालत नाही, विद्यार्थ्याला स्वतःचा धंदा करायला मनाई आहे, असे सांगितल्यावर त्यांनी इंग्लंडच्या सरकारबद्दल जे मत दिले ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही. मला मात्र त्या वीस तासांत थोडा शहाणपणा दिसतो. पोर शिकायला आले आहे, हे कोणीतरी लिहून ठेवले आहे. आमच्याकडे रात्री बारापर्यंत हॉटेलात राबून सकाळी वर्गात डुलक्या घेणारी मुले मी जन्मभर पाहिली. त्यांचे तास कोणी मोजले नाहीत. मीही नाही.

त्याच रात्री मी मुलाला फोन लावला. “आईला कळले,” म्हणालो. तो हसला, हुश्श केल्यासारखे ते हसणे होते. मग दुकानातल्या गमती सांगू लागला. कुस्करलेल्या बटाट्यात सेज नावाचा पाला घालून, पिठात बुडवून तळतात, त्याला तिथे पॅटी म्हणतात. आपल्या बटाटेवड्याचा गोरा चुलतभाऊ! हलसुद्धा एके काळी मच्छीमारांचे शहर होते. तिथल्या बोटी पार आइसलँडपर्यंत जात. १९६८ च्या हिवाळ्यात तीन बोटी लागोपाठ बुडाल्या आणि ५८ माणसे गेली. तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेल्या तिथल्या बायका उठल्या, हजारो सह्या घेऊन लंडनला मंत्र्यांकडे गेल्या आणि बोटींसाठी सुरक्षिततेचे नियम करवून आल्या. पुढे आइसलँडशी मासेमारीच्या हद्दीवरून भांडण झाले, १९७६ साली ते मिटले, आणि तो दूरचा समुद्रच हातचा गेला. “इथल्या म्हाताऱ्या बायका आमच्या आयांसारख्याच बोलतात, सर. फक्त इंग्रजीत.”

“मग आईपासून लपवलेस कशाला?” मी विचारले.

तो जरा थांबला. “तुम्ही चौथीत म्हणाला होतात ना, सर. शिकला नाहीस तर जन्मभर मासे कापीत बसशील.”

थट्टेने म्हणाला. पण मी फोन खाली ठेवल्यावर कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.

म्हणालो होतो. एकदा नव्हे, दर वर्षी, दर वर्गाला. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या आया मासेच कापीत होत्या आणि त्या पैशाच्या वह्या त्यांच्या दप्तरात होत्या, हे मला तेव्हा सुचले नाही. आणि हे म्हणणारा मी कोण? साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत शिकलेला. सकाळी शेतात खुरपे, दुपारी वर्गात. हाताला आलेले घट्टे मी सुट्टीत गावी गेल्यावर मामापासून लपवीत असे. विचारलेच तर म्हणे, ग्रंथालयात काम आहे. साठ वर्षांनी माझ्या विद्यार्थ्याने तीच थाप मारावी, याचे मला हसूही येईना.

दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा आल्या. रात्री झोप लागलेली दिसत नव्हती. “शिकून बी तेच करतंय,” एवढेच म्हणाल्या. मी त्यांना आधीच्या पोरांच्या गोष्टी सांगितल्या. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेले, मजुरी करीत शेतकी शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्या-गव्हाचे नामवंत संशोधक झाले; दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने तिथल्या सरकारी भिंतीवर भाकरी वाटणारा म्हणून त्यांचे चित्र काढले. जयप्रकाश नारायण १९२२ साली कॅलिफोर्नियात गेले, द्राक्षांच्या मळ्यात राबले, बश्या विसळल्या. वहिनी ऐकत होत्या. भिंतीवरच्या चित्राचे त्यांना विशेष वाटले नाही. बश्या विसळल्या, हे मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतले.

मग त्या उठल्या आणि कागदात गुंडाळलेला एक जुना कोयता घेऊन आल्या. सासूचा होता. फराळाबरोबर तो पाठवायचा, म्हणजे पोराचा अंगठा कापणार नाही. मी त्यांना कुरिअरच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या मुलाने कागद उलगडला आणि खुर्चीसकट मागे सरकला. धारेची वस्तू घेत नाही, म्हणाला. चकल्या, चिवडा आणि शंकरपाळे घेतले; कोयता परत पिशवीत गेला.

“मंग लिवून द्या,” वहिनी म्हणाल्या.

दुकानाच्या पायरीवर बसून मी त्यांनी सांगितले तसे लिहीत गेलो. सुरी वरून दाबू नको, ओढ. डावा अंगठा मागे घे, बोटे वाकवून धर. कातडी शेपटीकडून सोडव. बर्फाचा मासा हाताला फसवतो, आधी कपड्याने पुसून घे. वीस तासांच्या वर करू नको, गुरुजी सांगतात. जेवत जा.

पानावर खाली चार ओळींची जागा उरली. “तुमचं बी काय लिवायचं तं लिवा,” वहिनी म्हणाल्या आणि पिशवीतला कोयता सावरीत रस्त्याकडे पाहत बसल्या.

मी लिहिले की चौथीत मी जे म्हणत असे ते चुकीचे होते, आणि तो परत आला म्हणजे काटे कसे काढायचे ते त्याने मला दाखवावे. पंचाहत्तरी आली तरी मला ते येत नाही.

“काय लिवलं?” त्यांनी विचारले.

“तब्येतीला जप म्हणून लिहिले,” मी म्हणालो आणि पाकीट चिकटवले.