पैसे वाचवताना सापडलेला चेहरा

ऑस्टिन-हीली स्प्राइट! गाड्यांचं वेड इतक्या वर्षांचं, आणि हिची गोष्ट मला आत्ता कळतेय! १९५८ची, दोघांपुरती, लांबीला साडेतीन मीटरही नाही. बॉनेटवर दोन टपोरे दिवे आणि खाली हसरं तोंड.

गंमत म्हणजे ते दिवे असे वर यायचेच नव्हते. जेरी कोकरच्या मूळ रचनेत ते दिवसा आभाळाकडे बघत बॉनेटमध्ये निजणार आणि लागतील तेव्हा उठणार होते. ती यंत्रणा परवडेना, म्हणून काढून टाकली. दिवे कायमचे जागे राहिले! इंग्लंडनं तिला ‘फ्रॉगआय’ म्हटलं, अमेरिकेनं ‘बगआय’.

आणि काटकसर तरी किती! ९४८ सीसीचं इंजिन ऑस्टिन ए३५चं. त्याला दोन एसयू कार्बुरेटर लावून ४३ अश्वशक्ती काढलेली. स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. दाराला बाहेरून कडीच नाही, आत हात घालून उघडायचं. डिकी आहे, पण तिला झाकण नाही! सीटची पाठ पुढे पाडून सामान आत ढकलायचं, आणि तळाशी गेलेलं काढायला स्वतःच आत शिरायचं. त्यालाही कारण आहे: वेगळ्या चासीऐवजी बराचसा भार बॉडीच पेलते, मागे भोक पाडलं तर ती कमकुवत होणार. पुढे मात्र मडगार्डांसकट सगळं नाक एकदम वर उघडतं. इंजिनापाशी दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं, मेकॅनिकची चैन!

हे घडवणारा डोनाल्ड हीली कॉर्नवॉलचा. १९३१ची माँटे कार्लो रॅली त्यानंच जिंकलेली, आणि स्प्राइट जगाला दाखवली तीही माँटे कार्लोतच. बनायची एमजीच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात. किंमत करासकट ६६९ पौंड. ताशी ६० मैल गाठायला वीसेक सेकंद, म्हणजे वेगाच्या नावानं बोंबच. पण १९५९मध्ये सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत तिच्या गटातले पहिले तिन्ही क्रमांक स्प्राइटचेच!

अशा ४८,९८७ गाड्या निघाल्या. १९६१मध्ये दिवे शहाण्यासारखे कडेला गेले, डिकीला झाकण आलं, एमजी मिजेट नावाची जुळी बहीणही आली. ती १९७९पर्यंत टिकली. सोयीच्या असतील त्या. मला मात्र बिनझाकणाचीच हवी!